स्मिता पाटील : ३१ वर्षांचं आयुष्य आणि बाळंतपणानंतरचे पंधरा दिवस



परिपाठात आपण रोज दिनविशेष सांगतो. १७ ऑक्टोबर ही स्मिता पाटील यांची जयंती आणि १३ डिसेंबर ही पुण्यतिथी. फळ्यावर आपण एक ओळ लिहितो, सुप्रसिद्ध अभिनेत्री स्मिता पाटील यांचे निधन, आणि पुढच्या ओळीकडे वळतो. मोठ्या वर्गातलं एखादं चौकस मूल विचारतं की त्या म्हाताऱ्या होऊन वारल्या का? नाही. त्या वारल्या तेव्हा त्यांचं वय होतं फक्त ३१ आणि त्यांचं बाळ होतं पंधरा दिवसांचं.

हा पाठ त्या एका ओळीच्या मागे काय आहे ते सांगण्यासाठी लिहिला आहे. त्यात एका गुणी मराठी मुलीची गोष्ट आहे, आणि आपल्या घराघरांत, वाड्यापाड्यांवर आजही उपयोगी पडेल अशी आरोग्याची माहितीही आहे. पहिला भाग मुलांना सांगता येईल. दुसरा भाग मुख्यतः तुमच्या-आमच्यासाठी, मोठ्यांसाठी आहे.

बालपण आणि घर

स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. घराणं मूळचं खानदेशातलं, धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे स्वातंत्र्य चळवळीतून आलेले कार्यकर्ते, पुढे महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. २०१३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आई विद्याताई या व्यवसायाने परिचारिका आणि मनाने समाजसेविका. तीन बहिणींमध्ये स्मिता मधली.

घरात पैशांचा डामडौल नव्हता, पण माणसांची ये-जा भरपूर होती. कार्यकर्ते येत, चर्चा होत, कामं वाटली जात. मुलींनी चूल-मूल एवढंच बघायचं असतं असं त्या घरात कुणी शिकवलं नाही. पुण्यात रेणुका स्वरूप शाळेत त्या शिकल्या. शाळेबरोबरच राष्ट्र सेवा दलाचे संस्कार झाले. सेवा दलाच्या कलापथकात गाणी, नाच, छोटी नाटकं असायची आणि ती घेऊन गावोगाव जायचं असायचं. रंगमंचावर उभं राहण्याची भीती तिथेच गेली असणार. आपल्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाला वेळेचा अपव्यय समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की कुणाचा रस्ता कुठून सुरू होईल ते सांगता येत नाही.

दूरदर्शनच्या पडद्यावर

वडिलांच्या कामामुळे कुटुंब मुंबईला आलं. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं होतं. टीव्ही काळा-पांढरा, वाहिनी एकच, आणि एका टीव्हीसमोर अख्खी चाळ बसलेली. त्या पडद्यावर मराठी बातम्या सांगायला एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी दिसू लागली. ती स्मिता पाटील. त्यांच्याबद्दल एक गंमत आजही सांगितली जाते. त्या जीन्स घालून केंद्रावर यायच्या आणि बातम्यांची वेळ झाली की वरूनच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या. बघणाऱ्यांना पदर दिसायचा, बाकी कुणाला काही कळायचं नाही.

इथे मुलांना एक मुद्दा जरूर सांगावा. त्या काळी पडद्यावर दिसायचं तर गोरा रंग हवा असं सर्रास मानलं जायचं. स्मिताताईंचा वर्ण सावळा होता. त्यांनी तो लपवला नाही, उजळ दाखवायची धडपडही केली नाही. पुढे तोच चेहरा देशभर ओळखला गेला. वर्गात रंगावरून चिडवाचिडवी होते तेव्हा कोरड्या उपदेशापेक्षा हे उदाहरण जास्त पोहोचतं.

चित्रपटांचा प्रवास

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकर यांनी विद्यार्थिदशेत केलेल्या 'तीव्र मध्यम' या लघुपटात त्या पहिल्यांदा दिसल्या. मग दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी त्यांना 'चरणदास चोर' (१९७५) या बालचित्रपटात राजकन्येचं काम दिलं. म्हणजे मोठ्या पडद्यावरची सुरुवातच मुलांच्या चित्रपटाने झाली. त्याच वर्षी 'निशांत' आला.

१९७६ साली आलेला 'मंथन' तर गोष्ट म्हणूनही सांगण्यासारखा आहे. गुजरातमधल्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये काढले आणि त्या १० लाखांत हा चित्रपट उभा राहिला. गावची सहकारी दूध संस्था कशी उभी राहते, त्यात कोणाकोणाचे हितसंबंध दुखावतात, हे त्यात दाखवलं आहे. स्मिताताईंनी त्यात बिंदू नावाच्या गावातल्या स्त्रीचं काम केलं. सहकार हा शब्द शिकवताना आपण व्याख्या पाठ करून घेतो. त्याऐवजी ही ५ लाख गुणिले २ ची गोष्ट सांगा, गणितही होईल आणि परिसर अभ्यासही.

१९७७ साली 'भूमिका' आला. जुन्या काळच्या अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो बेतलेला होता. एकाच बाईचं कोवळं वय ते थकलेली प्रौढ अवस्था हा सगळा प्रवास स्मिताताईंनी उभा केला, तेव्हा त्या स्वतः अवघ्या २२ वर्षांच्या आसपास होत्या. या कामाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षीचा मराठी चित्रपट 'जैत रे जैत' आपल्या भागातल्या शिक्षकांनी तरी चुकवू नये. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरचा, डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला. गीतं ना. धों. महानोर यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं. गोष्ट आहे ठाकर समाजाची. भगताचा मुलगा नाग्या, त्याचा डोळा फोडणारी राणी माशी, आणि त्याच्या हट्टाला साथ देणारी चिंधी. ही चिंधी म्हणजे स्मिता पाटील. लोधिवलीच्या आजूबाजूला, इर्शाळगडाकडे आणि पलीकडे कर्जतच्या डोंगरात ज्या ठाकरवाड्या आहेत, तिथली मुलं आपल्या वर्गात बसतात. आपल्यासारखी माणसं मोठ्या पडद्यावर नायक-नायिका आहेत, ही गोष्ट त्या मुलांना कळायला हवी. ढोल, नाच, मोहोळ, डोंगर हे सगळं त्यांचं ओळखीचं. ते मागासलेपण नसून एक संस्कृती आहे, हे त्या चित्रपटात दिसतं.

पुढे 'चक्र' आला. जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरचा. या भूमिकेच्या तयारीसाठी स्मिताताई मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये जाऊन तिथल्या बायका कशा बोलतात, कशा बसतात-उठतात ते बघून आल्या. त्या कामाला दुसऱ्यांदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८२ साली 'उंबरठा' आला. शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि पुन्हा जब्बार पटेल. घराबाहेर पडून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून काम करणारी सुलभा महाजन त्यांनी अशी रंगवली, की नोकरी करणाऱ्या कितीतरी बायकांना ती आपलीच वाटली. आपल्यातल्या ज्या शिक्षिका पहाटे डबे करून एसटी पकडतात, त्यांना तर ती नक्कीच वाटेल.

बंगालीत मृणाल सेन यांचा 'आकालेर संधाने', सत्यजित राय यांचा 'सद्गती', केतन मेहता यांचा 'भवनी भवाई', गोविंद निहलानी यांचे 'आक्रोश' आणि 'अर्ध सत्य', शिवाय 'बाजार', 'अर्थ', 'मंडी' अशी यादी लांबत जाते. 'शक्ती', 'नमक हलाल' असे व्यावसायिक चित्रपटही त्यांनी केले. सगळं मिळून जेमतेम बारा वर्षांची कारकीर्द. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पडद्याबाहेरही मुंबईतल्या स्त्रियांच्या संघटनेशी त्यांचं नातं होतं. बायकांच्या प्रश्नांवर त्या बोलत, नुसत्या भूमिका करून थांबत नसत.

शेवटचे पंधरा दिवस

अभिनेते राज बब्बर यांच्याशी त्यांचं लग्न झालं होतं. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबईत त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव प्रतीक.

आपल्याकडे बाळ जन्मलं की घर कसं बदलतं ते तुम्हाला माहीत आहे. पाचवी होते, बाराव्या दिवशी बारसं होतं. पाळणा, बाळंतविडा, पाहुणे. सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे असतात. स्मिताताईंच्या बाबतीत बारशाचा काळ जेमतेम उलटत होता, तोवर त्यांची प्रकृती बिघडली. ताप आला, बघता बघता अवस्था गंभीर झाली, रुग्णालयात हलवावं लागलं. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीतून त्या बाहेर येऊ शकल्या नाहीत. १३ डिसेंबर १९८६ रोजी त्यांचं निधन झालं.

घरची परिस्थिती चांगली, आई स्वतः परिचारिका, राहायला मुंबईसारखं शहर, हाताशी मोठे डॉक्टर. एवढं सगळं असूनही हे घडलं. म्हणूनच ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बाळंतपणानंतरचं संकट गरीब-श्रीमंत, शिकलेली-अडाणी असा भेद करत नाही. फरक एवढाच, की जिथे दवाखाना लांब आणि पावसाळ्यात रस्ता बंद, तिथे हाताशी वेळ आणखी कमी उरतो.

लहानग्या प्रतीकला आजी-आजोबांनी, म्हणजे विद्याताई आणि शिवाजीराव यांनी वाढवलं. मोठेपणी तोही अभिनेता झाला. स्मिताताईंचे अनेक चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाले. त्यातला केतन मेहता यांचा 'मिर्च मसाला' फार गाजला. सत्तेच्या जोरावर अंगावर येणाऱ्या सुभेदारापुढे मान न झुकवणारी सोनबाई त्यात आहे. २०१३ साली भारतीय चित्रपटसृष्टीच्या शताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्या चेहऱ्याचं तिकीट काढलं. २०२४ साली 'मंथन'ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली गेली. माणूस जाऊन जवळजवळ चार दशकं झाली तरी काम असं जिवंत आहे.

बाळंतपणानंतर असं का होतं?

आता मोठ्यांसाठीचा भाग. आपण शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. निदान करणं आपलं काम नाही. पण माहिती समजून घेणं आणि पालकसभेत चार शब्द सांगणं हे नक्कीच आपलं काम आहे.

बाळ जन्मलं म्हणजे बाळंतपण संपलं असं आपण धरून चालतो. शरीराच्या हिशेबाने ते संपलेलं नसतं. वैद्यकशास्त्र बाळंतपणानंतरचे ४२ दिवस, म्हणजे सहा आठवडे, हा जोखमीचा काळ मानतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार गरोदरपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत, गरोदरपणाशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू हा मातामृत्यू धरला जातो. आपल्या जुन्या बायका बाळंतिणीला सव्वा महिना जपायला सांगायच्या. दोन्ही हिशेब किती जवळ येतात बघा.

वार सुटून पडते तेव्हा गर्भाशयाच्या आत एक मोठी ताजी जखम राहते. ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून लक्षात येत नाही. प्रसूतीत टाके पडले असतील, सिझेरियन झालं असेल, तर आणखी जखमा. रक्त गेलेलं असतं, झोप नसते, अशक्तपणा असतो. अशा वेळी जंतू आत शिरले तर गर्भाशयाचा, लघवीच्या मार्गाचा, टाक्यांचा किंवा स्तनाचा संसर्ग होऊ शकतो. संसर्ग रक्तात पसरला की काही तासांत बाई अत्यवस्थ होऊ शकते.

या बाळंतज्वराची एक जुनी गोष्ट विज्ञानाच्या तासाला सांगता येईल. १८४७ साली व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात इग्नाझ झेमेलवाइस नावाचा डॉक्टर काम करत होता. त्याच्या लक्षात आलं की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच बाळंतिणींना तपासतात आणि तिथेच जास्त बायका तापाने मरतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. जंतू म्हणजे काय हे नीट माहीत नसण्याचा तो काळ. तरी हात धुण्याने जीव वाचले. हात धुवा दिन साजरा करताना ही गोष्ट जोडली तर मुलांना त्या साबणाची खरी किंमत कळते.

विषाणूंची बाजू

वरचे बरेचसे आजार जिवाणूंमुळे होतात. विषाणूंचा धोका वेगळा. गरोदरपणात बाळ पोटात टिकावं म्हणून आईच्या शरीराची प्रतिकाराची पद्धत थोडी बदलते. हृदय आणि फुप्फुसांवरचा भारही वाढतो. त्यामुळे इतरांना चार दिवस झोपवून सोडणारा विषाणू गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला जास्त त्रास देऊ शकतो.

फ्लू हे साधं उदाहरण. १९१८च्या साथीत आणि २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीतही गरोदर स्त्रियांना धोका जास्त असल्याचं दिसलं. म्हणून गरोदरपणात फ्लूची लस घेण्याचा सल्ला डॉक्टर देतात.

दुसरं उदाहरण हिपॅटायटिस ई. म्हणजे दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ. एरवी ही कावीळ बहुतेकांची बरी होते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार १०० पैकी २० ते २५ स्त्रियांचा जीव जाऊ शकतो. पहिल्या पावसानंतर विहिरीला, ओढ्याला गढूळ पाणी येतं तेव्हा हा आकडा आठवावा. गरोदर बाईला काविळीची शंका आली तर आधी दवाखाना. गळ्यात माळ घालणं आणि झाडपाल्याचा उतारा यात दिवस घालवायचे नाहीत.

तिसरं उदाहरण आपल्या शाळांशी थेट जोडलेलं. १९४१ साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग नावाच्या नेत्रतज्ज्ञाला एकदम बरीच बाळं जन्मतः मोतीबिंदू असलेली दिसली. चौकशीत कळलं की त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. आईला अंगावर हलकी पुरळ आणि थोडा ताप, पण पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर कायमचा घाला. २०१८च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम झाली, ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा वर्गात रांगा लावून दिल्या, घाबरलेल्या पालकांना समजावलं. त्या दिवशी टोचून घेताना रडलेल्या मुली उद्याच्या आया आहेत. त्यांच्या पोटच्या बाळाचं रक्षण आपण तेव्हाच केलं, हे लक्षात ठेवा.

डेंग्यूतही रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव वाढायची भीती असते. कांजिण्या मोठ्या माणसांना, त्यातही गरोदर स्त्रीला, जड जातात. क्वचित एखाद्या बाळंतिणीच्या मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, किंवा प्रसूतीनंतरही रक्तदाब वाढून झटके येतात. हे प्रकार विरळ आहेत. पण विरळ म्हणजे होतच नाही असं नव्हे.

घरातले समज आणि धोक्याची लक्षणं

बाळंतिणीला ताप आला की घरात काय बोललं जातं? दूध भरल्याचा ताप आहे. थंडीवारा लागला. कुणाची तरी नजर लागली. बडबडायला लागली तर बाळंतवात झाला, बाहेरचं काहीतरी आहे. मग शेगडी, धुरी, अंगारा आणि भगत. दूध भरताना थोडी कणकण येऊ शकते हे खरं. पण तो ताप चढत गेला, टिकला किंवा सोबत दुसरं काही दिसलं तर घरी थांबायचं नाही.

पुढची लक्षणं दिसली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्रीच, बाईला दवाखान्यात न्यावं.

- ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, हुडहुडी
- अंगावरून खूप रक्त जाणं, गाठी पडणं किंवा घाण वासाचा स्राव
- ओटीपोटात वाढत जाणारं दुखणं, टाक्यांतून पू
- डोकं असह्य दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटके
- असंबद्ध बोलणं, गुंगी, माणसं न ओळखणं
- धाप लागणं, छातीत दुखणं
- एका पायाची पोटरी सुजून दुखणं
- स्तन लाल, गरम आणि कडक होणं
- डोळे पिवळे होणं

जाताना बाळालाही सोबत न्यावं आणि प्रसूती कधी, कुठे झाली याचा कागद घ्यावा. डॉक्टरांना सर्वात आधी सांगावं की ही बाळंतीण आहे, इतके दिवस झालेत. घाईत हेच सांगायचं राहून जातं.

सोय आहे, वापरायला हवी

१९८६ सालापेक्षा आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. २०१८-२०च्या सरकारी पाहणीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे भारतात ९७, तर महाराष्ट्रात ३३ मातामृत्यू झाले. पण सरासरीत वाडीवरची एखादी बाई दिसत नाही. वीटभट्टीवर गेलेली कातकरी बाळंतीण कोणाच्या नोंदीत असते?

प्रसूती दवाखान्यात झाली असली तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. लोकांना वाटतं त्या बाळाचं वजन करायला येतात. त्या आईलाही विचारतात, तिने मोकळेपणाने सांगायला हवं. हे वेळापत्रक पाहताना माझी नजर १४ या आकड्यावर थांबते. स्मिताताईंचं बाळ पंधरा दिवसांचं होतं.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण आणि वाहन मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची खास तपासणी असते. तातडीसाठी १०८ आणि गरोदर स्त्रिया व बाळंतिणींसाठी १०२ हे क्रमांक आहेत. मुलांकडून हे दोन्ही पाठ करून घ्या. घरात मोबाइल उत्तम वापरता येणारं माणूस बऱ्याचदा चौथीतलं पोरच असतं.

शाळेचा काय संबंध?

पालक विचारतील, मराठी शाळेत बाळंतपणाची चर्चा कशाला? संबंध असा. बाळंतीण आजारी पडली की थोरल्या मुलीची हजेरी तुटते. बाळ सांभाळायला, भाकरी करायला, पाणी भरायला ती घरी राहते. आई गेली तर ती मुलगी बहुतेक वेळा शाळेत परतत नाही. एका आईचा जीव वाचणं म्हणजे पटावरची एक मुलगी वाचणं आहे. म्हणून हजेरी घेताना एखादी मुलगी सांगते की घरी बाळ आलंय आणि आईला बरं नाही, तेव्हा ते नुसतं रजेचं कारण समजू नका. आशाताईंना एक फोन करा.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. दिनविशेष फलकावर स्मिता पाटील यांच्याबद्दल पाच वाक्यं लिहिणे. जन्म, शाळा, दूरदर्शन, दोन चित्रपट, पद्मश्री.
२. 'मंथन'ची बेरीज : ५,००,००० शेतकरी, प्रत्येकी २ रुपये. आपल्या वर्गाने प्रत्येकी २ रुपये काढले तर किती होतील? त्यातून काय करता येईल?
३. ठाकर आणि कातकरी मुलांकडून त्यांच्या वाडीतले शब्द, वाद्यं, नाच यांची यादी करून घेणे आणि ती इतरांनी वहीत उतरवणे.
४. हात धुण्याच्या सहा पायऱ्या कृतीतून करणे आणि झेमेलवाइसची गोष्ट सांगणे.
५. १०८ आणि १०२ वर काय बोलायचं याचं नाट्यीकरण : गावाचं नाव, ओळखीची खूण, रुग्ण कोण, काय होतंय.
६. पालकसभेत, शक्यतो आशाताईंना बोलावून, धोक्याची लक्षणं मोठ्याने वाचणे. सभेला वडील आणि सासवाही येतील असं पाहावं, कारण बाळंतिणीला कधी न्यायचं हा निर्णय बऱ्याच घरांत तिच्या हातात नसतो.

स्मिता पाटील यांनी पडद्यावर गवळीवाड्यातली, झोपडपट्टीतली, ठाकरवाडीतली, सुधारगृहातली बाई दाखवली. ज्या बायकांकडे कुणी नीट बघत नव्हतं, त्यांच्याकडे लोकांना बघायला लावलं. पुढच्या १३ डिसेंबरला फळ्यावर त्यांचं नाव लिहाल तेव्हा गावात त्या आठवड्यात कोण बाळंत झालंय, एवढं एकदा विचारून बघा. बाळ कसं आहे हे सगळेच विचारतात. तुम्ही आई कशी आहे तेही विचारा.